पंचवीस फुटांची नळी

आमच्या घरात सध्या एका तिकिटावरून वाद चालू आहे. तिकीट विमानाचं, इंदूर ते पुणे. प्रवासी आजी, वय ७४. डिसेंबरात पुण्याला आत्याच्या मुलीचं लग्न आहे आणि आजीला जायचंय. बाबा म्हणतात नको. काका म्हणतात अजिबात नको. शेजारच्या काकूंनी तर "आता त्यांना कशाला हलवता, मंगलाष्टकं व्हिडिओ कॉलवर दाखवा की" असा तोडगाही काढून दिला. कारण सगळ्यांचं एकच. आजी ऑक्सिजनवर आहे.

हे शेवटचं वाक्य मी लिहिलं खरं, पण माझं भांडण त्या वाक्याशीच आहे.

'ऑक्सिजनवर असणे' हा आपल्या मराठीत आता वाक्प्रचार झालाय. वर्तमानपत्र उघडा. एखादी सहकारी बँक ऑक्सिजनवर असते, साखर कारखाना ऑक्सिजनवर असतो, आणि त्याहून वाईट स्थिती असेल तर सरकार व्हेंटिलेटरवर जातं. अर्थ सरळ आहे : संपत आलंय, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे. म्हणजे नाकाला नळी लावलेलं माणूस दिसलं की आपण मनातल्या मनात त्याची निरवानिरव करून मोकळे होतो. डोळ्यांना कमी दिसतं म्हणून चष्मा लावणाऱ्याला 'ते सध्या चष्म्यावर आहेत' असं कुणी म्हणत नाही. कानाच्या यंत्राचंही तसंच. फुफ्फुसाच्या बाबतीतच हा 'वर' कुठून आला?

थोडा दोष 'प्राणवायू' या शब्दाचाही असेल. तसा हा शब्द मूळ शब्दापेक्षा किती तरी बरा. लाव्हाझिएने 'ऑक्सिजन' हे नाव ठेवलं ते सगळ्या आम्लांत हा वायू असतोच अशा समजुतीने, आणि ती समजूत चुकीची निघाली. आपल्याकडच्या नाव ठेवणाऱ्याने बरोबर मर्मावर बोट ठेवलं. पण प्राण म्हटलं की लगेच 'प्राण जाणे' आलंच. त्यात २०२१ चा एप्रिल आपण सगळ्यांनी पाहिलाय. सिलिंडरसाठी रात्रभर लागलेल्या रांगा पाहिल्यात, २१ एप्रिलला नाशिकच्या रुग्णालयात टाकीची गळती होऊन वीसहून अधिक माणसं गेली ती बातमी वाचलीय. त्यानंतर ऑक्सिजन म्हटलं की पोटात गोळा येणं साहजिक आहे. बाबांना मी यासाठी दोष देत नाही.

आता थोडं आजीबद्दल. आम्ही हातोदचे. हातोद म्हणजे इंदूरहून देपालपूरकडे जायला निघालात की विमानतळ आणि गांधीनगर मागे टाकल्यावर लागणारं गाव. मुंबई-पुण्याच्या वाचकांना ठाऊक नसेल, इंदूरच्या माणसाला नक्की असेल. आमच्या गच्चीवरून देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर उतरणारी विमानं दिसतात. आजीने आयुष्यभर ती बघितली, बसली एकदाही नाही. बिडी-सिगारेटला तिने कधी हात लावला नाही. पण लग्नाआधी माहेरी आणि नंतर इथे, गॅस येईपर्यंत, गोवऱ्या, लाकडं आणि तुराट्यांच्या चुलीपुढे बसून वीस-बावीस माणसांचा स्वयंपाक केला. सीओपीडी हा सिगारेट ओढणाऱ्यांचाच आजार हा समज खोटा आहे हे जगाला ठासून सांगणाऱ्यांत पुण्याचे डॉ. संदीप साळवी आहेत. २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि पीटर बार्न्स यांचा लेख आला तो धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवरच. चुलीचा धूर त्यात ठळकपणे आहे. आजीला मी हे वाचून दाखवलं तर म्हणाली, "हे तर मला चाळीस वर्षांपूर्वी डोळ्यांनीच कळलं होतं, सारखं पाणी यायचं."

दोन वर्षांपासून तिच्या खाटेशेजारी ऑक्सिजन काँसंट्रेटर आहे. लहान फ्रिजएवढा, पंधरा-सोळा किलोचा, विजेवर चालणारा, रात्रभर घुरघुरणारा. त्याला पंचवीस फूट नळी. ही नळी स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत पोचते, देवघरापर्यंत पोचते, न्हाणीच्या दारापर्यंत जेमतेम पोचते. बाहेरच्या अंगणात पोचत नाही. वीज गेली की सिलिंडर लावायचा आणि लाइट येईपर्यंत काट्याकडे बघत बसायचं. दोन वर्षं आजीचं जग पंचवीस फूट त्रिज्येचं वर्तुळ होतं, आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांना ते सोयीचं होतं. एका जागी बसलेलं माणूस सांभाळायला सोपं असतं.

पण बसून राहण्याचं गणित उलटं आहे, आणि हे मला डॉक्टरांनी समजावलं तेव्हा पहिल्यांदा कळलं. दम लागतो म्हणून माणूस बसतं. बसलं की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू वाळतात. वाळलेल्या स्नायूंना तेवढंच काम करायला जास्त ऑक्सिजन लागतो. म्हणजे दम आणखी लवकर लागतो, म्हणजे माणूस आणखी बसतं. खराब झालेलं फुफ्फुस परत मिळत नाही, पण पाय बऱ्यापैकी परत मिळतात. म्हणून अशा रोग्यांना चालवतात, हातात हलकी वजनं देतात, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवतात. सहा मिनिटांत किती मीटर चालता येतं ते मोजतात, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मोजतात. आणि हे सगळं ऑक्सिजन लावून करता येतं. यात नवीनही काही नाही. १९८० साली अमेरिकेत एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. रक्तात ऑक्सिजन फारच कमी असलेल्यांपैकी काहींना तो फक्त रात्री दिला, काहींना जवळजवळ दिवसभर. दिवसभर घेणारे जास्त जगले. दिवसभर घ्यायचा तर माणूस दिवसभर खाटेवर राहणार नाही, त्याला उठून कामं असतात, म्हणून बरोबर नेता येईल असं साधन हवं. फिरता ऑक्सिजन ही चैन नाही, उपचाराचाच भाग आहे, हे चाळीस वर्षांपूर्वीचं शहाणपण.

या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही इंदूरहून एक पोर्टेबल काँसंट्रेटर पंधरा दिवसांसाठी भाड्याने आणला. विकत घ्यायचा तर लाखाच्या वर जातो, त्याबद्दल पुढे बोलते. वजन अडीच किलोच्या आसपास, खांद्याला अडकवायचा पट्टा, बॅटरी. यात गॅस भरलेला नसतो, हे आधी नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा वाद त्यावर आहे. आपल्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. यंत्र खोलीतली हवाच आत ओढतं, झिओलाइट नावाच्या दाण्यांमधून दाबाने पाठवतं, दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि उरलेली ऑक्सिजनने भरलेली हवा नाकाकडे येते. एक प्रकारची चाळणच. तेजस या लढाऊ विमानात वैमानिकाला उडता उडता ऑक्सिजन मिळावा म्हणून डीआरडीओने जी यंत्रणा केली ती याच तत्त्वावरची, आणि २०२१ मध्ये रुग्णालयांसाठी ऑक्सिजनचे प्लांट उभारताना तेच तंत्रज्ञान वापरलं गेलं. मी आजीला म्हटलं, तुझ्या खांद्यावर आहे ते तेजसच्या पायलटचंच धाकटं भावंड. ती म्हणाली, "मग मला विमानात बसायला कोण अडवून राहिलंय?"

पहिल्या दिवशी ती अंगणापर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत. दुकानदार उठून उभा राहिला, बसायला स्टूल दिलं, माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "माताजी की तबीयत ज्यादा है क्या?" आजी त्याच्यासमोर उभी होती, दोन वर्षांनी स्वतःच्या पायांनी चालत आली होती, आणि तब्येत जास्त झाल्याचा पुरावा म्हणून तो नळीकडे बघत होता. घरात खाटेवर होती तेव्हा कुणीच विचारत नव्हतं. एका लहान मुलाने मात्र सरळ तिलाच विचारलं, "दादी, ये चार्ज कितने में होता है?" संपूर्ण हातोदमधला मला सगळ्यात शहाणा वाटलेला प्रश्न तो.

नाकातली नळी आणि चारचौघांत वावर यावर आपल्याकडे एकदाच मोठी चर्चा झालेली मला आठवते, ती गोव्यात. ३० जानेवारी २०१९ ला मनोहर पर्रीकरांनी नाकात नळी असताना विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. ती नळी ऑक्सिजनची नव्हती, आणि त्यांचा आजारही वेगळा होता. पण प्रतिक्रिया ओळखीच्या होत्या. निम्मे लोक म्हणाले केवढी जिद्द, निम्मे म्हणाले काय हा अमानुषपणा, माणसाला आराम करू द्या. त्यातलं राजकारण बाजूला ठेवू. मला खटकलं ते हे की नळी लावलेल्या माणसाने एक तर वीर व्हावं नाहीतर घरी पडून राहावं, एवढ्या दोनच जागा आपण त्याला देतो. माझ्या आजीला वीरही व्हायचं नाहीये. तिला नातीच्या लग्नात पहिल्या रांगेत बसून सुनेच्या माहेरच्यांची साडी बघायची आहे.

गंमत म्हणजे जिथे खरी वीरश्री आहे तिथे आपण ऑक्सिजन विसरतो. २९ मे १९५३ ला तेनझिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले ते पाठीवर ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन. हातात बर्फाची कुऱ्हाड उंचावलेला तेनझिंगचा तो जगप्रसिद्ध फोटो पुन्हा नीट बघा, त्याच्या तोंडावर मास्क आहे. तेनझिंग ऑक्सिजनवर होता असं आपण म्हणत नाही. ऑक्सिजन घेऊन चढला असं म्हणतो.

बरं, आता विमान. "वर काही झालं तर?" हा बाबांचा प्रश्न खोटा नाही, त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे.

विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर उडतं, पण आतली हवा दाबाखाली ठेवलेली असते. ती जमिनीइतकी दाट मात्र नसते. केबिनमधली स्थिती जास्तीत जास्त आठ हजार फुटांवर, म्हणजे साधारण २४०० मीटरवर असल्यासारखी ठेवतात. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर आहे, म्हणजे त्याहूनही साडेसातशे मीटर वर. उटीच्या थोडं वर म्हणा. तिथे हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण दाब कमी असल्यामुळे समुद्रसपाटीला १५ टक्के ऑक्सिजन घेतल्यासारखं होतं. तुमच्या-माझ्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा काही अंकांनी उतरलेला दिसेल, आपल्याला कळणारही नाही. आजीचा आधीच कडेवर असलेला आकडा मात्र खाली घसरू शकतो. म्हणून जमिनीवर लागतो त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन वर लागू शकतो. तो किती, हे डॉक्टरच ठरवणार. त्यासाठी चाचणीही आहे. माणसाला जमिनीवरच १५ टक्के ऑक्सिजनची हवा थोडा वेळ देऊन काय होतं ते बघतात.

"विमानात ऑक्सिजन असतोच की, वरून मास्क पडतात" असं काका म्हणाले. ते मास्क विमानातला दाब अचानक गेला तर वापरायचे असतात. त्यांतला ऑक्सिजन रासायनिक क्रियेने तयार होतो आणि साधारण पंधरा मिनिटं पुरतो, तेवढ्यात पायलट विमान खाली आणतो. दमेकऱ्यासाठी बटण दाबून ते सुरू करता येत नाहीत. काही कंपन्या आगाऊ सांगितलं तर रोग्यासाठी वेगळी सोय करतात, काही करत नाहीत, सगळ्यांना विचारावं लागतं. आणि घरचा सिलिंडर बरोबर घेऊन चढू देणं तर जवळजवळ अशक्यच.

या बाबतीत मी कंपन्यांच्या बाजूची आहे, हेही सांगते. ११ मे १९९६ ला मायामीहून निघालेलं एक विमान फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळलं, ११० माणसं गेली. सामानाच्या कप्प्यात मुदत संपलेली ऑक्सिजन तयार करणारी उपकरणं नीट बंद न करता ठेवली होती, त्यांतून आग लागली. एवढं झाल्यावर कुणी ऑक्सिजनच्या नावाने बिचकलं तर नवल नाही. पण पोर्टेबल काँसंट्रेटरमध्ये साठवलेला ऑक्सिजनच नसतो. हा फरक ओळखून अमेरिकेने २००५ मध्ये ठरावीक यंत्रांना विमानात परवानगी दिली आणि २००९ पासून ती नाकारता येणार नाही असा नियम केला. आता जगभर बहुतेक ठिकाणी असं यंत्र चालतं. राहते ती बॅटरीची काळजी. जादा बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत टाकायच्या नाहीत, हातातल्या सामानातच ठेवायच्या, टोकं झाकून. मोठ्या क्षमतेच्या असतील तर कंपनीची मंजुरी लागते. यंत्र पुढच्या सीटखाली ठेवायचं, आणीबाणीच्या दाराजवळची रांग मिळणार नाही.

बॅटऱ्या किती? अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे उड्डाणाच्या वेळेच्या दीडपट. इंदूर-पुणे दीड तास धरला तर सव्वादोन तास झाले. आमच्या घरी सगळे खूश झाले, एका बॅटरीत काम भागलं म्हणून. मग मी कागद घेऊन बसले. हातोदहून विमानतळ, दोन तास आधी पोचायचं, डिसेंबर आहे, दिल्लीत धुकं पडलं की त्याचा घोळ इंदूरपर्यंत येतो, पुण्याला उतरून बाहेर पडून आत्याच्या घरी पोचेपर्यंत रस्त्यातली गर्दी. घर ते घर सात-आठ तास सहज. जोखीम त्या दीड तासापेक्षा या बाकीच्या तासांची जास्त आहे, आणि हे तास कुठल्याच फॉर्मवर नसतात. आणखी एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट : लहान यंत्रं बहुधा सतत हवा सोडत नाहीत, श्वास आत घेतला की तेवढाच झटका देतात. त्यावरचा २ हा आकडा म्हणजे मिनिटाला २ लिटर नव्हे. कुणी तोंड उघडं टाकून झोपलं तर यंत्राला श्वास कळतोच असं नाही. म्हणून यंत्र निवडताना आणि सेटिंग ठरवताना दुकानदाराचं नाही, डॉक्टरांचं ऐकायचं, आणि विमानात आजीला गप्पांत गुंतवून जागी ठेवायची. ते अवघड नाही.

काकांचा आणखी एक पर्याय होता, "मग रात्रीच्या बसने न्या, जमिनीवर तरी असू." सेंधवा, धुळे करत रात्रभर, प्लग नाही, थांबलं तरी कुठे थांबायचं माहीत नाही. रेल्वेत डब्यात सॉकेट असतात, पण आगीच्या भीतीने रात्री ११ ते पहाटे ५ ते बंद ठेवायचं धोरण २०२१ मध्ये आलं, म्हणजे नेमकं आजी झोपेल तेव्हा. सगळ्यांना धोकादायक वाटणारं विमान हाच इथे सगळ्यात छोटा, म्हणून सगळ्यात सुरक्षित रस्ता आहे. अर्थात डॉक्टर नाही म्हणाले तर नाही. आजार नुकताच उसळलेला असेल, छातीत हवा भरण्याचा प्रकार झाला असेल, तर विमान टाळायलाच हवं. माझा मुद्दा एवढाच की हा नकार डॉक्टरांनी तपासून द्यावा. शेजारच्या काकूंनी नळीकडे बघून देऊ नये.

नियम काय सांगतात? आपल्याकडे अपंग आणि हालचालींवर मर्यादा असलेल्या प्रवाशांबद्दल डीजीसीएचे नियम आहेत. गरज असेल तर ४८ तास आधी कळवायचं, ठरावीक वैद्यकीय फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यायचा. २०२२ मध्ये रांचीला एका मुलाला विमानात चढू दिलं नाही म्हणून गदारोळ झाला, कंपनीला पाच लाखांचा दंड झाला, आणि त्यानंतर नियम सुधारले. प्रवाशाची तब्येत बिघडेल अशी शंका असेल तर कंपनीने डॉक्टरांकडून तपासून घ्यावं, आपल्या मनाने नकार देऊ नये. कागदावर हे चांगलं आहे. प्रत्यक्षात मी एका कंपनीच्या हेल्पलाइनवर पाऊण तासात तीन जणांशी बोलले. पहिल्याने ऑक्सिजन पूर्ण बंद आहे म्हणून सांगितलं, दुसरीने चालेल म्हटलं पण फॉर्म कुठला ते तिला माहीत नव्हतं, तिसऱ्याने विचारलं, "मॅम, पेशंट स्ट्रेचर पे है क्या?" पुन्हा तेच. ऑक्सिजन म्हणजे स्ट्रेचर.

आता पैशाचं. आम्ही भाडं देऊ शकलो. पण याच मालव्या-निमाडात अशी शेकडो माणसं आहेत ज्यांची फुफ्फुसं आजीपेक्षा वाईट आणि वय निम्मं. झाबुआ, अलीराजपूर, धार जिल्ह्यांतले आदिवासी गोध्रा-बालासिनोरच्या दगड दळणाऱ्या कारखान्यांत गेले, गारगोटीची भुकटी छातीत भरून सिलिकोसिस घेऊन परत आले. प्रकरण मानवी हक्क आयोगाकडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २०१६ मध्ये मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख द्यायचा आदेश झाला. मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या मजुरांचं तेच झालं. आपण ज्या पेन्सिलीने अ आ ई गिरवला ती कापताना उडणारी धूळ कुणाच्या तरी फुफ्फुसात बसली. वाङ्मय मंडळात असताना मला हे कधी सुचलं नव्हतं. या माणसांना विमान नको असेल, शेतापर्यंत, हँडपंपापर्यंत, पोराच्या शाळेपर्यंत जायचं असेल. भरपाई मेल्यावर मिळाली. जिवंतपणी चालायला लागणारं अडीच किलोचं यंत्र मिळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व मोजलंय, त्यात फुफ्फुसाचा जुनाट आजार नाही. चार पावलांवर धाप लागणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने धडधाकट. प्रमाणपत्र नाही म्हणून सवलत नाही, सवलत नाही म्हणून यंत्र नाही, यंत्र नाही म्हणून खाट. जिल्हा रुग्णालयांतून अशी यंत्रं पुस्तकांसारखी काही दिवसांसाठी देता-घेता आली तर काय बिघडेल? लग्नाला जायचंय, पंधरा दिवस द्या. पेरणी आहे, महिनाभर द्या. २०२१ नंतर देशभर आलेले काँसंट्रेटर कित्येक ठिकाणी धूळ खात असतील असा माझा संशय आहे. ते मोठे, खाटेशेजारचे, पण सुरुवात तिथून होऊ शकते.

घरच्या वादाची आजची स्थिती अशी. बाबा 'नको'वरून 'डॉक्टर काय म्हणतात बघू'वर आलेत. गुरुवारी इंदूरला अपॉइंटमेंट आहे, फॉर्म मी छापून ठेवलाय, त्यात ऑक्सिजन किती लिटर हा रकाना रिकामा आहे. विमानतळावर व्हीलचेअर घ्यायची की चालायचं यावर नवा वाद सुरू झालाय. आजीचं म्हणणं, दुकानापर्यंत चालते तर गेटपर्यंतही चालेन. शेवटी तडजोड झाली, व्हीलचेअर बरोबर ठेवायची, दम लागला तरच बसायचं. भाड्याचं यंत्र परत गेलंय, डिसेंबरसाठी पुन्हा बुक केलंय. तोवर ती पंचवीस फुटांच्या नळीवरच घरातल्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारते, देवघर ते ओटा, ओटा ते देवघर. काल चाळीस झाल्या. मोजायला मी फोनवर होते, आणि मध्येच थांबून तिने विचारलं, खिडकीची सीट मिळाली तर वरून आपली गच्ची दिसेल का.